कारणाचा रकाना

"खोडके मॅडम, माझं डोकं कधी दुखलं हो?"

शशिकला तायडेनं एक टंकलिखित कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि त्यावर पंजा तसाच दाबून धरला. दुपारचे दोन वाजून चार मिनिटं झाली होती. तिची पाळी दोनला सुरू व्हायची, म्हणजे बोर्डावर बसायला चार मिनिटं उशीर. मी आधी घड्याळाकडे बघितलं, मग कागदाकडे. तेव्हा माझी रीतच तशी होती.

"हात काढ, म्हणजे वाचता येईल," मी म्हणाले.

कागदात लिहिलं होतं की, टेलिफोन ऑपरेटर श्रीमती तायडे यांना वारंवार व तीव्र डोकेदुखी होत असल्याचे अभिलेखावरून दिसते. सबब त्या हेडसेटवर काम करण्यास योग्य आहेत किंवा कसे, याची वैद्यकीय तपासणी तीन आठवड्यांनी होईल. अयोग्य ठरल्यास त्यांना भांडार शाखेत वर्ग करण्यात येईल. भांडार म्हणजे दीडशे किलोमीटरवरची एक पत्र्याची शेड. तिथं तारेची भेंडोळी आणि लोखंडी खांब मोजायचे आणि दिवसभर कुणाशी बोलायचं नाही.

आणि शशिकलेचं सगळं बोलण्यातच होतं. वऱ्हाडातल्या त्या तालुक्याच्या गावात तिचा चेहरा शंभर जणांना माहीत नसेल, पण आवाज अख्ख्या गावाला माहीत होता. "बोला, अकोला लागलंय," असं ती म्हणायची तेव्हा जिनिंगवाले शेठसुद्धा आधी "कशा आहात बाई?" विचारायचे आणि मग भाव विचारायचे. मी हे ऐकलेलं आहे. तिथलं बहुतेक सगळं मी ऐकलेलं आहे.

"अभिलेख म्हणजे तुमची वही ना?" तिनं विचारलं.

"खात्याची वही. मी फक्त लिहिते."

"तेच म्हणते मी. लिहिलंय कुणी?"

ती बोर्डाकडे गेली, हेडसेट चढवला, आणि पुढच्याच क्षणी तिचा आवाज नेहमीसारखा गोड: "नंबर सांगा." मी वहीत लिहिलं: तायडे, दोन सात.

*

वहीचं सांगते, नाहीतर काही कळायचं नाही.

ऑपरेटर आठ जणी, आणि त्यांची हजेरी ठेवणारी सुपरवायझर मी. सकाळची पाळी सात ते दोन, दुपारची दोन ते नऊ, रात्री पुरुष. पूर्वी कुणाला बरं नसलं की ती मैत्रिणीशी पाळी बदलून घ्यायची आणि मला नुसतं सांगायची. मग हिरुळकर साहेब आले. त्यांनी ड्युटी-बदलाची वही सुरू केली आणि तिच्यात शेवटचा रकाना आखला: कारण.

पहिल्याच आठवड्यात पुष्पा नावाच्या नव्या मुलीनं सरळ मनानं तिथं लिहिलं, "पोटात कळा." साहेबांनी त्याखाली लाल शाईची रेघ मारली आणि भर हॉलमध्ये मोठ्यानं विचारलं, "काय खाल्लं होतं हो?" खिडकीत दोन लाइनमन चहा पीत उभे होते. त्यातला एक खोकला, दुसरा हसला. पुष्पा तीन दिवस मान वर न करता बोर्डावर बसली.

तेव्हा लीलाबाई मोहोड माझ्या टेबलाशी आल्या. त्या सगळ्यात जुन्या ऑपरेटर, एक्स्चेंजमध्ये पहिला बोर्ड लागला तेव्हापासूनच्या. त्यांचं बोलणं अस्सल वऱ्हाडी.

"प्रमिला, आता पोट-गिट लिहू नोको वं बाप्पा. सरळ डोकं लिही."

"डोकं?"

"मंग काय त! डोकं साऱ्याइलेच असते. माणसालेबी असते, साहेबालेबी असते, भलाई वापरत नसन. त्याले कोनी इचारत नाही, काय खाल्लं म्हनून."

त्या दिवसापासून आमच्या एक्स्चेंजमध्ये कुणाचं पोट दुखलं नाही. सगळ्यांची डोकी दुखू लागली. वही माझ्या ताब्यात, त्यामुळे शब्द माझ्याच हातचा: डोकेदुखी, डोकेदुखी, डोकेदुखी. कुणाचं डोकं कोणत्या तारखेला दुखणार हे मला तोंडपाठ होतं. "पुष्पे, सोमवारी तुझं डोकं ना गं?" मी मस्करीनं विचारायची. मुली हसायच्या, पण मी टेबलावरून उठले की हसणं थांबायचं, हेही मला ऐकू यायचं.

वही माझी, तसा महिन्याचा ड्युटीचा चार्टही मीच करायची. त्यामुळे मला कुणाकडे बदली मागायला लागत नसे. तीन वर्षांत माझ्या नावापुढे एकही डोकेदुखी नव्हती. मला याचा अभिमान होता, आणि तो मी लपवत नसे.

सगळ्यांची डोकेदुखी एका दिवसाची. शशिकलेची मात्र दोन दिवसांची, मग तीन. मी मनात म्हणायची, पोरगी लाडावली आहे. घरी आई आहे, ताट वाढून देते, मग दुखणारच. बाईच्या जातीला हे असतंच, त्याचा इतका गवगवा कशाला? माझी आई हेच सांगायची. तिला तिच्या आईनं सांगितलं असेल.

त्या वर्षी साहेबांनी वहीचा गोषवारा मागितला. सगळ्यात जास्त बदल्या कुणाच्या ते काढून द्या, म्हणाले. मी दिला. सुवाच्य अक्षरात, ओळीनं आठ नावं. शशिकला तायडे पहिली, दिवस एकतीस. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. तिच्या नावाखाली मी पट्टीनं एक रेघ ओढली होती. ती मला कुणी ओढायला सांगितली नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी सुटल्यावर शशिकला पुन्हा आली. लीलाबाई मागोमाग.

"मॅडम, वही दुरुस्त करा," शशिकला म्हणाली. "माझ्या नावापुढे खरं कारण लिहा. डॉक्टर माझं डोकं तपासणार, कान तपासणार. त्यात काही निघणार नाही, तर म्हणतील ढोंगी आहे. काही निघालं तर भांडारात. दोन्हीकडून मी बोर्डावरून गेलेच."

"वहीत खाडाखोड चालत नाही."

"अन् लिहिलं तं?" लीलाबाई मध्ये पडल्या. "एकीचं डोकं खोटं निघालं तं आठही जनींचं खोटं निघते. साहेब म्हनन, साऱ्या बाया मिळून खोटं लिहून राह्यल्या. पोट्टे, तुझ्या एकीसाठी साऱ्याइले उघडं पाडतं काय?"

"मग मी काय करू, लीलाबाई?"

"डॉक्टरले सांग, आता दुखत नाही म्हना. सोस थोडं."

शशिकला हसली. तसं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "सोस थोडं," ती म्हणाली. "बरं."

त्या गेल्या. मी घरी आले. घर म्हणजे एस.टी. स्टँडामागची एक खोली, एक स्टोव्ह, एक खुर्ची. दुसरी खुर्ची घ्यायची कधी वेळ आली नाही. खुर्चीत बसून मी माझी डायरी काढली.

खात्याच्या वहीपेक्षा ही डायरी वेगळी. ती मी माझ्या हौसेनं लिहायची. कोण किती वाजता आलं, कुणाचे डोळे रडलेले होते, कुणाला कुणाचा फोन येतो, चहात कोण तीन चमचे साखर घालतं. एकट्या माणसाला संध्याकाळी काहीतरी लागतं. कुणी पोथी वाचतं, मी हे लिहायची.

मी ती उघडली ती स्वतःचं खरं करायला. पोरगी कामचुकार आहे हे मला तारीखवार बघायचं होतं.

शशिकला तायडेच्या नोंदी मी एका कागदावर उतरवून काढल्या. पहिल्या वर्षी: एक दिवस सुट्टी, दुसऱ्या दिवशी हजर, हसतमुख. दुसऱ्या वर्षी: दोन दिवस. त्याच वर्षी दिवाळीनंतर: "तायडे आज कामावर, पण यवतमाळची दोरी दारव्ह्याच्या भोकात घातली, कॉल भलत्या गावी लागला. दोनदा." चार दिवसांनी पुन्हा: "उभी राहून जेवली. बसवत नाही म्हणाली." या वर्षी: सुट्टी सुरू होण्याच्या दोन दिवस आधीच चेहरा उतरलेला. परत आल्यावरही दोन दिवस तसाच. आणि जूनमधली एक नोंद: "तायडे तीन दहा ते तीन पंचवीस जागेवर नाही."

ती नोंद मला आठवत होती. मी तिला शोधायला गेले होते. विश्रांतीच्या खोलीत ती फरशीवर होती, गुडघे पोटाशी, कपाळ जमिनीला टेकलेलं. मी दारातून बघितलं. आत गेले नाही. परत येऊन वेळ लिहिली.

कागदावर दर खेपेच्या दुखण्याच्या दिवसांचे आकडे एकाखाली एक होते. एक, दोन, तीन, चार, पाच. कामचुकार माणसाच्या सुट्ट्या अशा वाढत नाहीत. ते लग्नसराई बघतात, सण बघतात, जोडून रविवार बघतात. मी पुष्कळ कामचुकार माणसं लिहिलेली आहेत.

*

अमरावतीला एक डॉक्टरीणबाई होत्या, ढवळे म्हणून. पुढच्या रविवारी मी शशिकलेला म्हटलं, "उद्या चल. तुला सुट्टी आहेच, माझीही मी चार्टात लावली आहे."

"तुम्ही कशाला?"

"तारखा मला माहीत आहेत. तुला आहेत का?"

एस.टी.त दोन तास आम्ही शेजारी बसलो. कंडक्टर, कापूस, बडनेऱ्याचा रस्ता, यांच्यावर बोललो. मध्ये ती म्हणाली, "गोषवाऱ्यात माझ्या नावाखाली रेघ होती. साहेबांच्या टेबलावर मी बघितली."

"हो."

"पट्टीनं मारलेली."

"हो," मी म्हणाले. "मला वाकडी रेघ आवडत नाही."

तिनं खिडकीकडे तोंड केलं. हसली की काय ते मला दिसलं नाही.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी शशिकलेला विचारलं, "कधीपासून दुखतं?"

"पहिल्यापासून थोडं थोडं. आता जास्त."

"जास्त म्हणजे? किती दिवस? रक्त जायला लागल्यावर दुखतं की आधीच?"

शशिकला गोंधळली. दुखणाऱ्या माणसाला दुखणं आठवतं, तारखा आठवत नाहीत. मी पर्समधून कागद काढला आणि वाचायला लागले. वर्ष, महिना, दिवस. आधी किती, नंतर किती. कोणत्या दिवशी बसवत नव्हतं, कोणत्या दिवशी दोरी चुकली. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही हिच्या बहीण का?"

"नाही. मी हजेरी ठेवते."

"मला वीस वर्षांत इतकी स्वच्छ हकीकत कुण्या बहिणीनं सांगितली नाही," बाई म्हणाल्या. मग शशिकलेकडे वळल्या. "दुखतं कुठं? नीट सांग. लाजू नकोस."

"ओटीपोटात. मागं कमरेत. आणि मग..." ती शब्द शोधू लागली.

"मांड्यांतून खाली उतरतं, गुडघ्यापर्यंत," मी म्हणाले. "आतून कुणी पिळून काढल्यासारखं. येतं आणि जातं, येतं आणि जातं."

"हो, तस्संच!" शशिकला म्हणाली.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"लीलाबाई सांगतात," मी म्हणाले. "आमच्याकडे आहेत एक."

बाईंनी हाताची मूठ टेबलावर ठेवली. "हे बघ, गर्भाची पिशवी म्हणजे नुसती पिशवी नाही, तो स्नायू आहे. माझ्या या मुठीएवढा. दर महिन्याला आतलं अस्तर सुटून बाहेर पडायचं असतं. ते ढकलायला पिशवी आवळते." मूठ आवळली गेली, बोटांची पेरं पांढरी झाली. "आवळ, असं सांगणारं एक द्रव्य त्या अस्तरातच तयार होतं. कुणात कमी, कुणात जास्त. जास्त झालं की मूठ इतकी घट्ट बसते की क्षणभर तिचं तिलाच रक्त मिळत नाही. ही पेरं बघ, पांढरी झाली ना? तिथं कळ येते. म्हणजे हे मनाचे खेळ नाहीत, नखरे नाहीत. स्नायूला रक्त कमी पडलं की तो ओरडतो. हृदयाचा स्नायू ओरडला तर आपण धावतो. हा ओरडला तर सोस म्हणतो."

मी बाईंच्या खिडकीबाहेर बघत होते. बाहेर एक बाई रिक्षावाल्याशी भांडत होती. मी रिक्षाचा नंबर वाचला. तो मला अजून आठवतो.

"हे झालं नेहमीचं दुखणं," बाई पुढे म्हणाल्या. "ते पहिल्या एक-दोन दिवसांत ओसरतं. शेकानं, गोळीनं उतरतं. वय वाढतं तसं बहुधा कमीही होतं. पण तुझं वाढतंय. रक्ताच्या आधी दोन दिवस सुरू होतं, थांबल्यावरही राहतं, बसताना त्रास होतो. याला दुसरं कारण असू शकतं. कधीकधी अस्तरासारख्या पेशी पिशवीच्या बाहेर रुजतात, आजूबाजूला. दर महिन्याला त्याही सुजतात, त्यांच्यातूनही रक्त येतं, आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. नागपूरला दुर्बिणीतून बघतात. बघितल्याशिवाय मी नाव देणार नाही. पण डोक्याचा आणि कानाचा याच्याशी काडीचा संबंध नाही, हे मी आत्ता लिहून देते."

त्या लिहीत असताना शशिकला रडायला लागली. बाईंना वाटलं घाबरली. "अगं, इलाज आहे याच्यावर."

"त्यासाठी नाही," शशिकला म्हणाली. "कारण आहे, म्हणून."

निघताना बाईंनी मला थांबवलं. "आणि तुमचं काय? इतकं बारीक लिहिणारीनं स्वतःचंही लिहिलंच असेल."

"मला काही होत नाही, बाई," मी म्हणाले. "कधीकधी डोकं दुखतं, इतकंच."

*

चिठ्ठी खिशात असून भागणार नव्हतं. चिठ्ठी एक सांगत होती आणि वही दुसरं. साहेब वहीवरच विश्वास ठेवणार होते, कारण ती त्यांनी सुरू केली होती. तपासणीला चार दिवस उरले असताना मी वही घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेले. हॉलमधून जाताना लीलाबाईंनी हेडसेट एका कानावरून सरकवला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

"साहेब, या वहीत माझ्या हातानं एकशे बारा वेळा डोकेदुखी लिहिलेलं आहे," मी म्हणाले. "एकदाही कुणाचं डोकं दुखलेलं नव्हतं."

हिरुळकर साहेब भला माणूस होता. वाईट माणसाशी बोलणं सोपं गेलं असतं. त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे खोट्या नोंदी?"

"हो."

"आठही जणींच्या?"

"लिहिणारी एकटी मी. लेखी देते."

"अहो, पण मग खरं कारण काय लिहायचं होतं?"

मी पहिलं पान उघडलं. पुष्पाची नोंद. लाल रेघ अजून तशीच ठसठशीत होती. "खरं एकदा लिहिलं होतं, साहेब. तुम्ही विचारलंत, काय खाल्लं होतं."

त्यांनी त्या पानाकडे बराच वेळ बघितलं. त्यांचे कान लाल झाले. त्यांना दोन मुली होत्या, मोठी नववीत. हेही माझ्या डायरीत होतं, पण ते मी बोलले नाही. मग त्यांनी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी वाचली, घडी घातली, पुन्हा उघडली आणि पुन्हा वाचली.

"तपासणी रद्द करवतो," ते टेबलाकडे बघत म्हणाले. "पण नोंदीबद्दल तुम्हाला ताकीद द्यावी लागेल, खोडके. सेवापुस्तकात जाईल ती."

"द्या."

"आणि हा शेवटचा रकाना... तिथं यापुढे काय लिहायचं?"

"खासगी कारण, असं चालेल?"

"चालेल, चालेल," ते घाईनं म्हणाले.

शशिकला बोर्डावर राहिली. नागपूरला दुर्बीण झाली. जे बाईंना वाटलं होतं तेच निघालं आणि जेवढं काढता आलं तेवढं काढलं. ती सव्वा महिना रजेवर होती. त्या सव्वा महिन्यात गावातले किमान चाळीस लोक फोनवर विचारायचे, "त्या दुसऱ्या बाई कुठं गेल्या?"

माझ्याशी मात्र बोलणं बंद झालं. भांडण नाही, शब्द नाही. मुलींना बदली हवी असली की त्या माझ्या पेपरवेटखाली चिठ्ठी ठेवून जायच्या. लाइनमन आता डोकेदुखीवर विनोद करायचे, आणि ते विनोद माझ्यामुळे होते. डबा खायला सगळ्या एकत्र बसायच्या. मी गेले की लीलाबाई म्हणायच्या, "ये न, बस," आणि गोलातली जागा तशीच राहायची, रुंद व्हायची नाही. मी टेबलावरच खायला लागले. तिथून सगळं दिसतंही नीट.

*

रजेवरून आली त्या दिवशी शशिकला बोर्डाकडे न जाता आधी माझ्याकडे आली. वजन उतरलं होतं, पण चाल बदलली होती. तिच्या हातात माझेच जुने ड्युटी-चार्ट होते. महिना संपला की मी ते खिळ्याला अडकवून ठेवायची. गेल्या दोन वर्षांचे चोवीस.

"प्रमिलाताई," ती म्हणाली. मला ताई म्हणायची ही पहिलीच वेळ. "रजेत मला काही काम नव्हतं. आईला पाठवून लीलाबाईंकडून हे मागवले. म्हटलं, तुमचा धंदा आपणही करून बघू."

तिनं चार्ट टेबलावर पसरले. पेन्सिलीनं बारीक गोल केलेले होते. प्रत्येक चार्टावर एक, क्वचित दोन.

"सगळ्यांची साप्ताहिक सुट्टी ठरलेल्या वारी," ती हळू आवाजात म्हणाली. "पुष्पाची बुधवार, लीलाबाईंची शुक्रवार, माझी सोमवार. तुमची एकटीचीच महिन्यातून एकदा सरकते. कधी मंगळवार, कधी शनिवार. मी मोजलं. दर सत्तावीस दिवसांनी. कधी अठ्ठावीस. आणि त्याच्या आदल्या दिवशी तुमचं अक्षर बघा. रकान्याबाहेर गेलंय. तुमचं अक्षर, रकान्याबाहेर."

मी चार्ट गोळा करायला लागले.

"मांड्यांतून खाली उतरतं, हे लीलाबाई सांगत नाहीत. मी विचारलं त्यांना. त्यांना तसं कधी दुखलंच नाही."

"शशी, बोर्डावर जा. दोन वाजून गेले."

"जाते. येत्या सोमवारी माझी सुट्टी आहे, तुम्ही तुमचीही लावा. मी ढवळे बाईंना फोन केला आहे. साडेनऊच्या गाडीनं जाऊ. या वेळी मी कागद वाचते, तुम्ही नुसत्या बसा." तिनं तारखा उतरवलेला एक कागद माझ्या हातात दिला.

आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं काही लिहून ठेवलं होतं. तो कागद माझ्या हातात होता, आणि मला तो परत द्यायची बुद्धी होत नव्हती, ठेवून घ्यायचीही होत नव्हती.

"बघू," मी म्हणाले.

"बघू नाही. या."

त्या संध्याकाळी मी खोलीत खुर्चीवर बसले. तेराव्या वर्षापासून एकतिसाव्या वर्षापर्यंत मी ते सोसलं होतं, आणि ज्यांनी सोसलं नाही त्यांच्या नावाखाली रेघा मारल्या होत्या. कारण नसलेलं दुखणं माणूस सोसतो. कारण निघालं, इलाज निघाला, तर ती अठरा वर्षं कुठं ठेवायची, हे मला कळेना.

पुढं एक्केचाळिसाव्या वर्षी अकोल्यात माझी पिशवी काढली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, इतकी वर्षं काय करत होतात? सोबत कोण आहे? शशिकला तेव्हा नवऱ्याच्या बदलीनं नाशिककडे गेलेली होती. मी एका प्रश्नाचं उत्तर दिलं नाही आणि दुसऱ्याचं "कुणी नाही" असं दिलं. पण ते नंतरचं.

त्या सोमवारी मी चार्टात स्वतःला सकाळची ड्युटी लावून घेतली.

एक्स्चेंजच्या खिडकीतून एस.टी. स्टँड सरळ दिसतो. ती सव्वानऊला आली. अंगावर मोतिया साडी, हातात डबा, दोघींचा असावा इतका मोठा. साडेनऊची गाडी लागली, भरली, सुटली. ती बाकावरून उठली नाही. दर थोड्या वेळानं ती माझ्या खोलीकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघायची. एक्स्चेंजकडे एकदाही नाही, कारण मी तिथं असेन असं तिच्या मनातही आलं नसावं. सव्वादहाची गाडी आली. कंडक्टरनं तिला काहीतरी विचारलं. तिनं मान हलवली. तीही गाडी गेली. अकराला पाच कमी असताना ती उठली, डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि घराकडे चालू लागली.

मी डायरी उघडली आणि वेळा लिहिल्या. नऊ पंधरा ते दहा पंचावन्न. दोन गाड्या सोडल्या. कारणाचा रकाना माझ्या डायरीत कधीच नव्हता. त्या दिवशी मी तो आखला, पट्टीनं, आणि कोरा ठेवला.